सामायिक स्मृतीचें सोंग

सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी एक म्हण मराठींत आहे. संगणकाच्या विद्येंत ही म्हण किंचित् बदलून घ्यावी लागेल. तेथें यंत्राचें सोंग आणतां येतें, यंत्राच्या एकेका अवयवाचें सोंग आणतां येतें, आणि जें यंत्र अद्याप बाजारांत आलेलेंच नाहीं त्याचेंहि सोंग हुबेहूब वठवितां येतें. आणतां येत नाहीं तें एकच, काळाचें. ह्या विधानाचा अर्थ काय, आणि त्याचा घरगुती माणसाच्या व्यवहाराशीं काय संबंध पोंचतो, हें अनेक संगणकांनीं मिळून वापरावयाच्या सामायिक स्मृतीच्या उदाहरणावरून चांगलें समजण्यासारखें आहे.

संगणकाचें काम मुख्यतः दोन अवयवांवर चालतें. एक प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा कारकून. दुसरी स्मृति, म्हणजे ज्या मेजावर तो आपले कागद पसरतो तें मेज. कपाटांत हजार वह्या असल्या तरी कारकुनाला काम करावें लागतें तें मेजावर उघडलेल्या वहींतच. त्याचप्रमाणें डिस्कवर कितीहि मजकूर सांठविलेला असला तरी प्रोसेसराला जो लागेल तो प्रथम स्मृतींत आणावा लागतो. स्मृतींतील एखादा आंकडा मागितल्यापासून हातीं येण्यास आजच्या सर्व्हरांत सुमारें १०० नॅनोसेकंद लागतात. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. एवढ्या अवधींत प्रकाशहि जेमतेम फूटभर अंतर तोडतो. अशा हिशेबांत वीतभर अंतरालाहि किंमत असते. म्हणून स्मृतीच्या पट्ट्या प्रोसेसराच्या अगदीं शेजारीं, त्याच बोर्डावर बसविण्याचा प्रघात पडला; आणि प्रत्येक सर्व्हर आपापल्या स्मृतीचा एकटा धनी झाला.

ह्या एकट्या मालकीची किंमत मात्र मोठी आहे. आज बँकेची नोंद, रेल्वेचें तिकीट, परीक्षेचा निकाल, परगांवीं असलेल्या मुलाचें छायाचित्र, हें सर्व कोठें तरी मोठमोठ्या दालनांत मांडून ठेवलेल्या हजारों सर्व्हरांतून आपल्यापर्यंत येत असतें. ह्या दालनांचे मालक आपले सर्व्हर तुकड्यातुकड्यांनीं भाड्यानें देतात: इतके प्रोसेसर व त्यांबरोबर इतकी स्मृति. आतां एखाद्या सर्व्हरांतील प्रोसेसर सगळे भाड्यानें गेले व स्मृति मात्र उरली, तर ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीं. शेजारचा सर्व्हर स्मृतीवांचून अडलेला असला तरी त्याला ती उसनी देतां येत नाहीं. कारण ती दुसऱ्याच्या बोर्डावर खिळलेली असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२३ मध्यें 'पाँड' नांवाच्या एका योजनेसंबंधीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांत अशी अडकून पडलेली स्मृति त्यांच्या दालनांत कांहीं प्रसंगीं २५ टक्क्यांपर्यंत जाते, असें दाखविलें आहे. भाडेकऱ्यांपैकीं सुमारें निम्म्यांनीं आपण घेतलेल्या स्मृतीपैकीं अर्ध्या भागाला कधीं हातसुद्धां लावला नाहीं, असेंहि त्यांना आढळून आलें. स्मृति हा सर्व्हराच्या किंमतींतील एक मोठा भाग असल्यामुळें हा तोटा किरकोळ नव्हे.

ह्यावरचा उपाय आपल्या गांवांतून पूर्वापार चालत आलेला आहे. लग्नाच्या पंक्तीला लागणारीं मोठीं पातेलीं, पराती आणि घंगाळें प्रत्येक घरानें विकत घेऊन माळ्यावर ठेवावीं, असें कोणी करीत नसे. गांवच्या देवळांत किंवा एखाद्या संस्थेच्या कोठींत अशीं भांडीं ठेवलेलीं असत. ज्याच्या घरीं कार्य असेल त्यानें तीं न्यावीं, वापरावीं व परत करावीं. ह्या व्यवस्थेचे नियम तीनच. एक भांडें एका वेळीं एकाच घरीं जावें. कोणतें भांडें कोठें आहे तें वहींत बिनचूक असावें. आणि परत येतांना तें घांसून पुसून यावें. स्मृतीचा सामायिक सांठा करावयाचा तर नियम हेच. एक तुकडा एका वेळीं एकाच सर्व्हराकडे. त्याची नोंद चोख. आणि पहिल्या भाडेकऱ्याचा मजकूर पुसून टाकल्यावांचून तो दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचा नाहीं. तिसरा नियम चुकला तर भांडें खरकटें राहतें एवढ्यावरच भागत नाहीं. एकाच्या खात्यांतील खाजगी मजकूर दुसऱ्याच्या दृष्टीस पडतो.

हा सांठा प्रोसेसराला जोडावयाचा कसा, ह्याची एक सर्वमान्य रीत ठरविण्यासाठीं मार्च २०१९ मध्यें इंटेल व इतर अनेक मोठ्या कंपन्यांनीं मिळून 'कंप्यूट एक्स्प्रेस लिंक' नांवाचा संकेत जाहीर केला. त्याचें लघुरूप सीएक्सएल. संगणकांत नवीं कार्डें बसविण्यासाठीं पीसीआय एक्स्प्रेस नांवाची जी तारांची जोडणी पूर्वींपासून आहे, तिच्याच तारांवरून सीएक्सएलचें संभाषण चालतें. परंतु त्यांत तीन निरनिराळ्या बोली आहेत. एक ओळखपाळख व व्यवस्थेची. दुसरी, जोडलेल्या उपकरणाला संगणकाची स्मृति वाचूं देणारी. आणि तिसरी, संगणकाला उपकरणावरील स्मृति आपल्याच स्मृतीसारखी वापरूं देणारी. ह्या तिसऱ्या बोलींत प्रोसेसर एका वेळीं ६४ बाइटांचा घांस मागतो व उपकरण तो देतें. मागणाऱ्या प्रोग्रामाला आपण दूरच्या कोठींतून आणविलें आहे ह्याची वार्ताहि नसते. नोव्हेंबर २०२० मध्यें ह्या संकेताची २.० ही आवृत्ति आली. तिनें एक उपकरण जास्तींत जास्त १६ भागांत विभागून निरनिराळ्या सर्व्हरांना वांटून देण्याची सोय केली. ऑगस्ट २०२२ मधील ३.० आवृत्तीनें त्यापुढें जाऊन सर्व्हर चालूं असतांनाच स्मृति वाढवून देण्याची व परत घेण्याची रीत घालून दिली.

येथपर्यंत सर्व कागदावर झालें. आतां अडचण पहावी. नुसतें उपकरण तयार करून भागत नाहीं. संगणकाच्या मूळ व्यवस्थेला, म्हणजे लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमला, त्या उपकरणाशीं बोलतां आलें पाहिजे. आणि त्यासाठीं ड्रायव्हर नांवाचा प्रोग्राम लिहावा लागतो. उपकरण हातीं आल्यावर ड्रायव्हर लिहूं म्हटलें तर उपकरण विकत घेणारा गिऱ्हाईक वर्षदोन वर्षें तिष्ठत बसणार. उलट उपकरण नसतांना ड्रायव्हर लिहिला, तर तो बरोबर आहे कीं नाहीं हें पहावयाचें कशावर? पोहावयास शिकल्यावांचून पाण्यांत उतरूं नये व पाण्यांत उतरल्यावांचून पोहणें येऊं नये, अशांतला हा पेंच आहे.

हा पेंच आजचा नव्हे. १९७५ च्या आरंभीं अमेरिकेंत 'आल्टेअर' नांवाचा एक छोटा संगणक विक्रीस निघाल्याची बातमी एका मासिकांत आली. बिल गेट्स व पॉल अ‍ॅलन ह्या दोघां तरुणांनीं त्याच्यासाठीं बेसिक नांवाची भाषा तयार करून देण्याचें त्या कंपनीस कळविलें. परंतु त्यांच्याजवळ तो संगणक नव्हता. अ‍ॅलन यांनीं हार्वर्ड विद्यापीठांतील पीडीपी-१० ह्या मोठ्या संगणकावर एक प्रोग्राम लिहिला. तो आल्टेअरमधील ८०८० ह्या प्रोसेसराचें सोंग घेई. मूळ प्रोसेसराचीं माहितीपुस्तकें पुढें ठेवून, त्यांत जी आज्ञा दिल्यास जें घडेल म्हणून लिहिलें आहे तें ह्या प्रोग्रामानें घडवून दाखवावें, अशी ती योजना होती. त्या सोंगावर सारें काम पुरें करून अ‍ॅलन कागदी पट्टी घेऊन विमानानें आल्बुकर्क येथें गेले. यंत्र सुरू करतांना लागणारा एक लहानसा प्रोग्राम त्यांनीं विमानांतच लिहिला. खऱ्या आल्टेअरवर त्यांचा हात प्रथमच पडला, आणि भाषा चालली. दोन अधिक दोन किती, ह्या प्रश्नाचें चार असें उत्तर यंत्रानें दिलें. पुढें मायक्रोसॉफ्ट नांवानें जगभर पसरलेल्या धंद्याचा पाया अशा रीतीनें एका सोंगावर घातला गेला.

सीएक्सएलच्या बाबतींत हेंच घडलें. आवृत्ति २.० प्रसिद्ध झाली त्याच सुमारास, म्हणजे २०२० च्या अखेरीस, उपकरणाचें सोंग घेणारा प्रोग्राम लिहिण्यास आरंभ झाला. एप्रिल २०२१ मध्यें निघालेल्या लिनक्सच्या ५.१२ ह्या आवृत्तींत सीएक्सएल स्मृतीचा पहिला ड्रायव्हर दाखल झाला. सीएक्सएल जाणणारे सर्व्हरचे प्रोसेसर मात्र एएमडी कंपनीनें नोव्हेंबर २०२२ मध्यें व इंटेलनें जानेवारी २०२३ मध्यें बाजारांत आणले; आणि तेहि सामायिक सांठ्याची सोय नसलेल्या, आधींच्या १.१ ह्या आवृत्तीचे होते. म्हणजे नवरा वेशीवर येण्याच्या दीड वर्ष आधींच मांडव उभा राहून त्याची मजबुतीहि तपासून झाली होती.

हें सोंग ज्या रंगभूमीवर आणलें जातें तिचें नांव क्यूएमू. फाब्रिस बेलार नांवाच्या फ्रेंच गणकानें २००३ मध्यें हा प्रोग्राम प्रथम प्रसिद्ध केला, व आज जगभरची अनेक मंडळी मिळून तो वाढवीत आहेत. एका खऱ्या संगणकाच्या पोटांत दुसरा काल्पनिक संगणक उभा करावयाचा, हें त्याचें काम. खरा तो यजमान. काल्पनिक तो पाहुणा. पाहुण्याला वाटतें कीं आपल्याला प्रोसेसर आहे, स्मृति आहे, डिस्क आहे, पडदा आहे. वस्तुतः त्याच्या प्रत्येक अवयवाच्या मागें क्यूएमूमधील एकेक लहान प्रोग्राम उभा असतो आणि विचारलेल्या प्रश्नाला, खरा अवयव देईल तेंच उत्तर देत असतो. गांवोगांव हिंडणाऱ्या बहुरूप्याला पोलिसाचें सोंग आणावयाचें असेल तर त्याला पोलिस खात्यांत नोकरी धरावी लागत नाहीं. पोशाख, बोलणें व ऐट हीं तीन साधलीं म्हणजे पुरे. उपकरणाच्या सोंगालाहि अंतरंगाची गरज नसते. बाहेरून जें विचारलें जाईल त्याचें संकेतानुसार उत्तर आलें म्हणजे ड्रायव्हरच्या लेखीं तें उपकरण खरेंच होय.

सामायिक स्मृतीच्या उपकरणाचा पोशाख कोणता, हें पाहण्यासारखें आहे. प्रथम यजमान संगणकावर एक साधी फाइल करतात, उदाहरणार्थ २५६ मेगाबाइटांची. हीच पुढें 'स्मृति' म्हणून मिरवणार. नंतर पाहुण्या संगणकाच्या आंत सीएक्सएलचा एक काल्पनिक पूल, त्या पुलाला एक काल्पनिक दार व दाराशीं एक काल्पनिक उपकरण अशी रचना क्यूएमूला सांगितली जाते. शेवटीं पाहुण्याच्या पत्त्यांच्या विस्तारांत एक 'खिडकी' राखून ठेवतात: अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतचे पत्ते सीएक्सएल स्मृतीसाठीं. पाहुणा जागा झाला म्हणजे त्याला आरंभीं मिळणाऱ्या कोष्टकांत ह्या खिडकीची नोंद असते. मग त्याचा ड्रायव्हर पूल ओलांडून दाराशीं येतो, उपकरणाला त्याची ओळख विचारतो, आणि टपालपेटीसारख्या एका ठरलेल्या जागेंत प्रश्न टाकतो: तुझ्याजवळ स्मृति किती? उत्तर २५६ मेगाबाइटांच्या मापानें यावें असा संकेत आहे. आपल्या उदाहरणांत तें 'एक माप' असें येईल. ह्यानंतर ड्रायव्हर खिडकींतील कोणता पत्ता कोणत्या उपकरणाकडे वळवावयाचा ह्याचा नियम पुलावर व उपकरणावर अशा दोन्ही ठिकाणीं लिहितो. दोन्ही ठिकाणचे नियम जुळले तरच व्यवहार सुरू होतो.

हा नियम दिसतो तितका सरळ नाहीं. काम लवकर व्हावें म्हणून स्मृति बहुधा एकाच उपकरणांत सलग न ठेवतां दोन, चार किंवा अधिक उपकरणांत आळीपाळीनें वांटतात. पंक्तींत दोन वाढप्यांनीं एक पान सोडून एक वाढावें तसें. दोन उपकरणें आहेत व प्रत्येकाची पाळी २५६ बाइटांची आहे असें धरूं. खिडकीच्या आरंभापासून ० ते २५५ हे पत्ते पहिल्याकडे, २५६ ते ५११ दुसऱ्याकडे, ५१२ ते ७६७ पुन्हां पहिल्याकडे, ७६८ ते १०२३ पुन्हां दुसऱ्याकडे. आतां पत्ता १००० कोठें सांपडेल? १००० ला २५६ नें भागिलें असतां भागाकार ३ व बाकी २३२ येते. म्हणजे तीन पाळ्या पुऱ्या होऊन चौथी चालूं आहे. चौथी पाळी दुसऱ्या उपकरणाची. त्याची एक पाळी आधीं होऊन गेलेली आहे, म्हणून त्याच्या पोटांतील पत्ता २५६ अधिक २३२, म्हणजे ४८८. खऱ्या यंत्रांत हा हिशेब तारांच्या रचनेंतच बसविलेला असल्यामुळें त्याला जवळ जवळ वेळ लागत नाहीं. सोंगांत मात्र पाहुण्यानें प्रत्येक वेळीं ह्या खिडकींत हात घातला कीं, त्याला क्षणभर थांबवून क्यूएमूला हा भागाकार करावा लागतो, योग्य फाइलींतील योग्य जागा शोधावी लागते, आणि मगच पाहुण्याला पुन्हां चालूं द्यावें लागतें. एरवीं पाहुण्याच्या आज्ञा यजमानाच्या खऱ्या प्रोसेसरावर परस्पर चालतात व त्यांचा वेग जवळ जवळ खऱ्यासारखा असतो. ह्या खिडकीपाशीं मात्र तो वेग अनेक पटींनीं खालीं येतो.

आरंभीं काळाचें सोंग आणतां येत नाहीं म्हटलें त्याचा अर्थ हा. अशा रीतीनें वांटलेल्या सीएक्सएल स्मृतीला क्यूएमूमध्यें किती वेळ लागतो हें मोजून खऱ्या उपकरणाविषयीं अनुमान काढणें म्हणजे नाटकांतील राजाच्या मुकुटावरून खजिन्याचा अंदाज करण्यासारखें आहे. ह्या सोंगाचें प्रामाण्य रीतीपुरतें आहे, गतीपुरतें नाहीं. ड्रायव्हरनें प्रश्न योग्य क्रमानें विचारले काय, नियम बरोबर लिहिला काय, एका तुकड्याची नोंद दोघांच्या नांवें तर पडली नाहीं ना, एवढेंच तें सांगूं शकतें. पण तेवढें अगदीं विश्वासानें सांगूं शकतें.

रीतीची परीक्षा किती खोलवर जाऊं शकते हें चालूं यंत्राला स्मृति वाढवून देण्याच्या प्रसंगांत दिसतें. ३.० आवृत्तीच्या संकेताप्रमाणें सांठ्याचा एक कोठीवाला असतो. तो ठरवितो कीं अमुक सर्व्हराला आणखी अमुक तुकडे द्यावेत. उपकरण त्या सर्व्हराला तशी सूचना करतें. सर्व्हर हवे तेवढे तुकडे स्वीकारून तसें उत्तर देतो. आणि मगच ते त्याचे होतात. परत मागतांना हाच क्रम उलट. क्यूएमूमध्यें २०२४ पासून ही सोय असून तेथें कोठीवाल्याची भूमिका बाहेर बसलेला परीक्षक स्वतःच करतो. त्याला कांहीं वाईट प्रसंग आणतां येतात. पाहुणा स्मृति वापरीत असतांनाच ती परत मागावी. स्मृतीचा अमुक भाग नासला आहे, अशी खोटी वर्दीहि त्याला देतां येते. खऱ्या उपकरणांत स्मृति नासण्याची वाट पाहत कोण बसणार? आणि मुद्दाम नासविली तर हजारों रुपयांची वस्तु वायां जावयाची. सोंगांत ती रोज शंभर वेळां नासवावी व शंभर वेळां पुन्हां धड करावी. दालनांत एखाद्या मध्यरात्रीं खरी पट्टी नासेल तेव्हां त्या सर्व्हरावरील बँकेचा हिशेब सुखरूप बाजूला काढला जातो कीं सर्व यंत्र एकदम बंद पडतें, हें ह्याच तालमीवर अवलंबून असतें.

परंतु सोंगाचा एक धोका आहे, आणि तो मंद गतीपेक्षां अधिक गंभीर आहे. मंद गति दिसून येते. हा धोका दिसत नाहीं.

प्रत्येक प्रोसेसर वारंवार लागणारा मजकूर स्मृतींतून आणून स्वतःच्या खिशांत, म्हणजे कॅशमध्यें, ठेवीत असतो, व पुष्कळदां बदलहि प्रथम तेथेंच करतो. आतां एकच तुकडा दोन सर्व्हरांनीं एकाच वेळीं वापरावयाचा असें ठरलें, तर पहिल्यानें केलेला बदल त्याच्या खिशांतच राहून दुसऱ्याला जुनाच आंकडा दिसण्याचा संभव असतो. सीएक्सएलच्या ३.० आवृत्तीनें हा मेळ यंत्रानेंच राखावा अशी तरतूद केली आहे. परंतु ज्या जोडणींत ती नाहीं तेथें प्रोग्रामानेंच आठवणीनें खिसा रिकामा करून बदल सांठ्यांत उतरविला पाहिजे, आणि वाचणाऱ्यानेंहि आपल्या खिशांतील जुनी प्रत टाकून दिली पाहिजे. हें करावयास प्रोग्राम लिहिणारा विसरला असें समजूं. तो आपला प्रोग्राम दोन पाहुण्या संगणकांवर तपासून पाहतो. दोघांनाहि एकच सामायिक फाइल स्मृति म्हणून दिलेली आहे. पहिल्यानें लिहिलें, दुसऱ्यानें वाचलें, आंकडा बरोबर आला. हजार वेळां केलें, हजार वेळां बरोबर आला. कारण उघड आहे: दोघे पाहुणे एकाच यजमानाच्या घरांत बसले आहेत, आणि त्या घरांतील प्रोसेसरांच्या खिशांचा मेळ यजमानाचें यंत्र आपणहून राखीत आहे. चूक प्रोग्रामांत आहेच. पण ज्या परिस्थितींत ती उघडी पडावयाची ती परिस्थिति ह्या रंगभूमीवर निर्माणच होत नाहीं. हाच प्रोग्राम दोन खऱ्या, वेगळ्या सर्व्हरांवर नेला कीं कधीं तरी, लाखांत एखाद्या वेळीं, शिल्लक चुकीची दिसणार; आणि तपासनीस पुन्हां सोंगावर येऊन पाहील तों सर्व कांहीं ठाकठीक.

ह्यावरून एक विवेक शिकण्यासारखा आहे. सोंगावर एखादी गोष्ट बिघडली, तर ती बहुधा खरोखरच बिघडलेली असते, मग दोष प्रोग्रामाचा असो कीं सोंगाचा. पण सोंगावर ती चालली, एवढ्यावरून ती सर्वत्र चालेल असें म्हणतां येत नाहीं. सोंगानें ज्या अडचणी आणल्या त्यांपुरतीच ती चालली. म्हणून जाणते लोक आधीं प्रश्न विचारतात कीं, ह्या सोंगांत काय काय आणलेलें नाहीं?

गतीचाच प्रश्न सोडवावयाचा तर दुसरे उपाय आहेत. 'पाँड' योजनेच्या संशोधकांनीं क्यूएमूची फाइल न वापरतां दोन प्रोसेसर असलेला खरा सर्व्हर घेतला. अशा सर्व्हरांत प्रत्येक प्रोसेसराची आपली जवळची स्मृति असते. शेजाऱ्याच्या स्मृतीपर्यंत पोंचतां येतें, पण अधिक वेळ लागतो. त्यांनीं काम एकाच प्रोसेसरावर चालविलें आणि दुसऱ्याची स्मृति 'सामायिक कोठींतील' म्हणून वापरली. येथें उपकरणाची रीतभात मुळींच नव्हती. टपालपेटी नाहीं, खिडकी नाहीं, कोठीवाला नाहीं. परंतु विलंब खरा होता. अशा रीतीनें त्यांनीं १५८ निरनिराळ्या प्रकारचीं कामें चालवून पाहिलीं. कांहींना दूरच्या स्मृतीचा जवळ जवळ पत्ताच लागला नाहीं. कांहींची गति मात्र फार मंदावली. त्यावरून त्यांनीं असा हिशेब मांडला कीं सांठा ८ ते १६ प्रोसेसरांपुरता लहान ठेवला व कोणाला जवळची आणि कोणाला दूरची स्मृति द्यावयाची ह्याचा अंदाज नीट बांधला, तर स्मृतीवरील खर्चांत सुमारें ७ टक्के बचत होऊं शकते, आणि भाडेकऱ्यांच्या कामाचा वेगहि १ ते ५ टक्क्यांहून अधिक खालीं येत नाहीं. ७ टक्के ऐकावयास थोडे वाटतात. पण लाखों सर्व्हरांच्या खरेदींत ती रक्कम केवढी होईल हें सांगावयास नको.

अशा रीतीनें एकाच वस्तूचीं दोन अपुरीं सोंगें झालीं. एकाला रूप आहे पण वेळेचें भान नाहीं. दुसऱ्याला वेळेचें भान आहे पण रूप नाहीं. पहिल्यावर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचें काम झालें, दुसऱ्यावर सांठा करणें परवडेल कीं नाहीं हें ठरविणाऱ्यांचें. खिशांच्या मेळाचा प्रश्न मात्र दोहोंपैकीं कोणतेंहि सोडवूं शकत नाहीं. त्यासाठीं दोन खरे सर्व्हर व मध्यें खरें उपकरणच मांडावें लागतें. कोणतें सोंग कोणत्या प्रश्नाला उत्तर देऊं शकतें हें ओळखून प्रश्न विचारणें, ह्यांतच ह्या विद्येचें सारें शहाणपण आहे.

घरीं बसून बँकेची शिल्लक पाहणाऱ्या गृहस्थाला ह्यांतील कांहींच दिसत नाहीं, व दिसण्याचें कारणहि नाहीं. परंतु त्याच्या शिल्लकेचा आंकडा ज्या स्मृतींत क्षणभर उभा राहतो, ती उद्यां सामायिक कोठींतून आलेली असेल. थोड्याच वेळापूर्वीं ती दुसऱ्या कोणाची असेल व थोड्याच वेळानें तिसऱ्याची होईल. ती पुसून दिली गेली काय, एका वेळीं एकाच्याच हातीं होती काय, आणि नासल्यास वेळींच वर्दी मिळाली काय, हें पाहण्याचें काम कोणी तरी आधींच करून ठेवावें लागतें. तें काम करणाऱ्यांनीं आपल्या सोंगांत काय आणलें ह्याबरोबर काय आणलें नाहीं हेंहि स्पष्ट लिहून ठेवलें, म्हणजे पुढच्याला नेमकें काय पुन्हां तपासावयाचें तें कळतें. कोठीच्या वहींत दिलेल्या भांड्यांची नोंद असते तशी फुटक्यांचीहि असावी लागते. तरच ऐन पंक्तीच्या वेळीं कोणाची फजिती होत नाहीं.